एकराच्या नावाने येणारा पैसा

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या पूर्व सीमेवर, मिसिसिपी नदीच्या काठी फिलिप्स नावाची काउंटी आहे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ही जमीन सपाट, खोल आणि कसदार. सोयाबीन, भात, मका आणि कापूस ही इथली पिके. हेलेना हे काउंटीचे मुख्य ठिकाण. ब्लूज संगीताचा ‘किंग बिस्किट टाइम’ हा प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रम १९४१ मध्ये इथेच सुरू झाला. १९५० च्या जनगणनेत या काउंटीत सुमारे ४६ हजार लोक राहत होते. २०२० मध्ये ही संख्या साडेसोळा हजारांवर आली. दक्षिणेकडच्या इलेन गावाच्या शाळांत मुलेच पुरेशी उरली नाहीत, म्हणून २००६ मध्ये त्यांचा कारभार शेजारच्या मार्व्हेल गावाला जोडावा लागला. ज्या काउंट्यांमध्ये दारिद्र्य पिढ्यानपिढ्या हटत नाही, त्यांच्या सरकारी यादीत फिलिप्सचे नाव कायम असते.

याच काउंटीत केंद्र सरकारचा शेतीसाठीचा पैसा गेली नव्वद वर्षे येतो आहे. भाव पडले की येतो, पूर आला की येतो, परदेशाशी व्यापारी भांडण झाले की येतो. पक्ष बदलले, कायदे बदलले, योजनांची नावे बदलली, पण पैसा थांबला नाही. मग इतका पैसा येऊनही माणसे का गेली? याचे उत्तर शोधायचे तर हा पैसा कसा मोजला जातो ते पाहावे लागते. अमेरिकेतले शेतीचे अनुदान बहुतांशी एकरावर मोजले जाते. कागदावर ज्याच्या नावे जितके एकर, त्याला तितका मोठा धनादेश. त्या जमिनीत घाम कोण गाळतो किंवा गरज कोणाला आहे, हे प्रश्न हिशेबात फारसे येतच नाहीत. ही गोष्ट पहिल्या वर्षापासूनची आहे.

उभे पीक नांगरण्याचे पैसे

१९२९ मध्ये अमेरिकेत कापसाला पौंडाला १७ सेंटच्या आसपास भाव होता. १९३२ पर्यंत तो ६ सेंटच्या घरात आला. गोदामे भरलेली होती आणि गिऱ्हाईक नव्हते. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे घेतली आणि मे महिन्यात शेती समायोजन कायदा मंजूर झाला. विचार सरळ होता. माल कमी पिकला की भाव वर येईल, म्हणून शेतकऱ्याने कमी पेरावे आणि त्याची भरपाई सरकारने द्यावी. पैसा उभा करण्यासाठी कापूस पिंजणाऱ्या, धान्य दळणाऱ्या कारखान्यांवर प्रक्रिया कर बसवण्यात आला.

पण कायदा होईपर्यंत दक्षिणेत कापूस उगवून वर आला होता. त्यामुळे त्या उन्हाळ्यात सरकारने उभे पीक नांगरून टाकण्यासाठी करार केले. दहा लाखांवर करार झाले आणि सुमारे एक कोटी एकरांवरचा कापूस मातीत गेला. पिकाच्या ओळींवर पाय पडू नये अशी शिकवण मिळालेली खेचरे त्या ओळींवरून नांगर ओढायला तयार होईनात, असे तेव्हा दक्षिणेत सांगितले जाई.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९३६ मध्ये हा प्रक्रिया कर घटनाबाह्य ठरवला. सरकारने त्याच वर्षी जमिनीच्या संवर्धनाच्या नावाने पैसे देण्याचा नवा कायदा केला आणि १९३८ मध्ये आणखी व्यापक कायदा आणला. आजच्या अमेरिकी शेतीकायद्यांची पाळेमुळे त्या १९३८ च्या कायद्यात आहेत.

नवव्या हिश्श्याचा वाटेकरी

मिसिसिपीकाठच्या या गाळपट्ट्यातली, म्हणजे डेल्टातली, बहुतेक जमीन तेव्हा मोठ्या मळेवाल्यांची होती. ती कसणारी कुटुंबे बटाईने राहत. बियाणे, खेचर, अवजारे मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक अर्धे-अर्धे. वर्षभराचे पीठ-मीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर यायचे आणि हंगामाच्या शेवटी मालक हिशेब करायचा. त्या हिशेबात कुळाच्या हाती बहुधा काही उरत नसे.

हा हिशेब कोणी विचारला तर काय होते, हे फिलिप्स काउंटीने १९१९ मध्ये पाहिले होते. इलेनजवळच्या हूप स्पर इथल्या चर्चमध्ये ३० सप्टेंबरच्या रात्री कृष्णवर्णीय बटाईदारांच्या संघटनेची सभा भरली होती. कापसाचा योग्य भाव आणि लेखी हिशेब ही त्यांची मागणी. सभेबाहेर गोळीबार झाला, त्यात एक गोरा माणूस मारला गेला आणि पुढचे काही दिवस गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या त्या परिसरात फिरत राहिल्या. नंतर लष्करही आले. पाच गोरे मरण पावले. मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचा आकडा अभ्यासक शंभरापासून काहीशेपर्यंत सांगतात. खटला मात्र कृष्णवर्णीयांवर चालला आणि बारा जणांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. १९२३ मध्ये ‘मूर विरुद्ध डेम्प्सी’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, जमावाच्या दडपणाखाली चालवलेला खटला हा खटला नव्हे, अशी भूमिका घेतली आणि पुढे ते सर्व जण सुटले.

अशा समाजात १९३३ नंतर सरकारी पैसा आला. १९३४ आणि १९३५ च्या कापूस करारात, न पेरलेल्या जमिनीपोटी पौंडाला साडेतीन सेंट भाडे आणि वर एक सेंट भावफरक, असे एकूण साडेचार सेंट ठरले. भाडे पूर्ण मालकाचे. भावफरकात बटाईदाराचा निम्मा वाटा. म्हणजे साडेचारांतले चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट कुळाला. सरकारी करारानेच कसणाऱ्याला नववा हिस्सा दिला, आणि तोही मालकाच्या हातून मिळायचा होता.

त्याहून मोठा घाव वेगळाच होता. चाळीस टक्के जमीन पेरायचीच नाही म्हटल्यावर तितकी कुटुंबे मळ्यावर ठेवायची कशाला? कुटुंबच हलवले आणि मजूर रोजाने घेतले तर तो अर्धा सेंटही वाचत होता. शक्य तितकी कुळे कायम ठेवावीत असे कराराच्या सातव्या कलमात होते, पण त्याची भाषा ढिली होती. घरे रिकामी करून घेण्याचे सत्र सुरू झाले. फिलिप्सच्या उत्तरेला पॉइनसेट काउंटीतल्या टायरॉन्झा गावाजवळ एका मळ्यावरून अशीच कुटुंबे काढली गेली. जुलै १९३४ मध्ये तिथल्या एका शाळेत अकरा गोरे आणि सात कृष्णवर्णीय जमले आणि त्यांनी दक्षिणी कूळ शेतकरी संघटना स्थापन केली. गोरे आणि काळे एकाच संघटनेत बसणे हे तेव्हाच्या आर्कान्सात धाडसच होते. जमलेल्यांपैकी एक वयस्कर कृष्णवर्णीय सभासद १९१९ च्या इलेनच्या संघटनेतही होता.

वॉशिंग्टनमध्ये कृषी खात्याच्या विधी विभागाने सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला. आधीचीच कुळे कायम ठेवली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण मळेवाल्यांचे वजन मोठे होते. फेब्रुवारी १९३५ मध्ये विभागप्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी त्याला संमती दिली.

मळेवाल्यांनी सरकारी पैशातून ट्रॅक्टर घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचणारी यंत्रे आली आणि उरलेल्या मजुरांचीही गरज संपत गेली. शिकागो, सेंट लुइस, डेट्रॉइटकडे जाणाऱ्या गाड्या डेल्टातल्या माणसांनी भरल्या. फिलिप्सच्या लोकसंख्येची उतरंड तिथून सुरू होते.

काउंटी कचेरी आणि तिची समिती

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि शेतीच्या अनुदानाचा गाडा दोन हजारांहून अधिक स्थानिक कचेऱ्यांतून चालतो. फार्म सर्व्हिस एजन्सी हे या यंत्रणेचे आजचे नाव. शेतकरी दर वर्षी तिथे जाऊन किती एकरांत काय पेरले ते नोंदवतो, योजना निवडतो, सही करतो. प्रत्येक शेताला एक फार्म नंबर असतो. तो नसेल तर कर्ज, अनुदान, आपत्तीची मदत यांपैकी काहीच मिळत नाही.

या कचेरीवर शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते. तीन ते अकरा सभासद, मुदत तीन वर्षांची. शेतकऱ्यांचा कारभार शेतकऱ्यांनीच पाहावा, ही १९३० च्या दशकातली कल्पना उदार होती. पण दक्षिणेत या समित्या अनेक दशके गोऱ्या जमीनदारांच्याच हातात राहिल्या. कोणी किती एकर कापूस पेरायचा याचा वाटा त्या ठरवत, तक्रारीही त्याच ऐकत. म्हणूनच १९६४ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी मतदार नोंदणीबरोबर या समित्यांच्या निवडणुकाही लढवल्या. धमक्या, मारहाण आणि मतपत्रिकांतले घोळ त्यांच्या वाट्याला आले.

१९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, एकूण शेतकऱ्यांच्या सुमारे १४ टक्के. २०२२ च्या कृषी गणनेत ते ४७ हजारांच्या आत आले. या घसरणीला यंत्रे, भाव आणि शहरांचे आकर्षण कारणीभूत होतेच. पण नागरी हक्क आयोगाने १९८२ च्या अहवालात कृषी खात्याच्या वागणुकीवरही स्पष्ट बोट ठेवले होते. पेरणीचे कर्ज उशिरा देणे, कमी देणे, अर्ज फाइलमध्ये पडू देणे हे प्रकार काउंटी पातळीवर घडत होते. १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातले शेतकरी टिमोथी पिगफर्ड यांनी इतरांसह खटला भरला. १९९९ मध्ये न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी तडजोडीला मान्यता दिली आणि पंधरा हजारांहून अधिक दावेदारांना भरपाई मिळाली. बहुतेकांना ती प्रत्येकी ५० हजार डॉलर होती. ज्यांचे दावे उशिरा आले त्यांच्यासाठी २०१० मध्ये सव्वा अब्ज डॉलरची दुसरी तडजोड झाली. २०२४ मध्ये सरकारने ४३ हजारांवर लोकांना सुमारे दोन अब्ज डॉलर दिले. कर्ज देताना झालेल्या भेदभावाचीच ती भरपाई होती.

एक अडचण मात्र भेदभाव सिद्ध न होताही पैसा अडवत आली. वकिलावर आणि कचेरीवर विश्वास नसलेल्या अनेक कुटुंबांनी मृत्युपत्रे केलीच नाहीत. आजोबांच्या नावावरची जमीन पाच-पंचवीस वारसांत अविभक्त राहिली. मालकी कोणाची हे कागदावर स्पष्ट नसल्याने फार्म नंबर मिळेना. २०१८ च्या कायद्याने अशा वारसांना पर्यायी पुरावे देऊन नंबर मिळवण्याची मुभा दिली. तोवर कित्येकांची जमीन लिलावात गेली होती.

हिशेब असा होतो

आजच्या मुख्य योजना दोन आहेत. पहिली भावाची. कायद्याने प्रत्येक पिकाचा संदर्भभाव ठरलेला असतो. देशातला सरासरी बाजारभाव त्याखाली गेला की फरक सरकार देते. भारतातल्या हमीभावाप्रमाणे इथे सरकार माल विकत घेत नाही. शेतकरी माल बाजारात विकतो आणि फरकाची रक्कम पुढच्या वर्षी ऑक्टोबरनंतर खात्यात येते.

कळीचा भाग पुढे आहे. हा फरक यंदा पेरलेल्या पिकावर मिळत नाही. तो ‘बेस एकर’वर मिळतो. अनेक वर्षांपूर्वीच्या पेऱ्यावरून त्या जमिनीच्या नावे जो पिकाचा हक्क नोंदला गेला, तो बेस. शेतात आज सोयाबीन उभे असले तरी बेस भाताचा असेल तर पैसे भाताचे. समजा, एखाद्याकडे भाताचे १०० बेस एकर आहेत आणि नोंदलेले उत्पादन एकरी सहा हजार पौंड आहे. संदर्भभाव १०० पौंडांना १४ डॉलर आणि बाजारभाव १२ डॉलर. फरक दोन डॉलर. कायदा बेसच्या ८५ टक्क्यांवर पैसे देतो, म्हणून रक्कम होते १०,२०० डॉलर. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने भाताचा संदर्भभाव १६.९० डॉलर केला. बाजारभाव तोच १२ राहिला तर त्याच १०० एकरांवर २४,९९० डॉलर मिळतील. शेतकऱ्याने एक दाणा जास्त पिकवलेला नसताना रक्कम जवळपास अडीचपट होते.

दुसरी योजना उत्पन्नाची आणि ती काउंटीच्या सरासरीवर चालते. काउंटीचे सरासरी उत्पादन गुणिले देशातला भाव ठरलेल्या पातळीखाली गेले तर ही योजना निवडलेल्या, काउंटीतल्या त्या पिकाच्या सर्व बेसधारकांना एकाच दराने पैसे मिळतात. एखाद्याचे शेत गारपिटीने झोडपले पण बाकी काउंटी पिकली, तर त्याला या योजनेतून काही मिळत नाही. उलट, स्वतःचे शेत उत्तम पिकलेला शेतकरीही काउंटी बुडाली की पैसे घेतो. रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी आणि पलीकडे दुसरी असेल तर दोन शेजाऱ्यांच्या रकमा वेगळ्या असू शकतात.

यांच्या जोडीला पीक विमा. हप्त्याचा सरासरी ६२ टक्के भार सरकार उचलते. पुरामुळे पेरणीच करता आली नाही तरी विमा मिळतो. २०१९ मध्ये ओल्या वसंतामुळे देशात एक कोटी नव्वद लाखांहून अधिक एकर पेरणीवाचून राहिले, तेव्हा मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या अनेकांना याच तरतुदीने तारले. शिवाय १९८५ पासून जमीन राखण्याची योजना आहे. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे गवत-झाडांखाली ठेवायची आणि सरकारकडून वार्षिक भाडे घ्यायचे.

या योजनांची गरज खोटी नाही. डेल्टात भात घ्यायचा म्हणजे विहिरींचे पंप, खत, बियाणे, लाखो डॉलरची यंत्रे आणि पेरणीआधी बँकेचे कर्ज. कर्ज देताना बँक सरकारी हमी किती ते पाहते. सलग दोन वर्षे भाव पडले तर कष्टाळू शेतकरीही उभा राहू शकत नाही. संकटात आधार द्यावा की नाही, हा वादाचा विषय नाहीच. आधार कोणापर्यंत पोचतो, हा आहे.

मर्यादा आणि पळवाटा

एका व्यक्तीला किती द्यायचे यावर १९७० मध्ये पहिल्यांदा मर्यादा आली, दर पिकामागे ५५ हजार डॉलर. लगेच शेते कागदावर फुटू लागली. एकाच शेताचे भागीदार, कंपन्या, विश्वस्त निधी अशा फांद्या फुटत गेल्या. त्या गुंत्याला १९८० च्या दशकात ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले. लाभार्थी शेतीत ‘सक्रिय’ असावा असा नियम आहे, पण निर्णय घेण्याचे काम करतो म्हणणारा माणूसही सक्रिय ठरतो. २०१८ च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडे, भाचे, पुतणेही आणले. २०२५ च्या कायद्याने व्यक्तिगत मर्यादा सव्वा लाखावरून १ लाख ५५ हजार डॉलर केली आणि अनेक सभासदांच्या काही प्रकारच्या कंपन्यांना दर सभासदामागे वेगळी मर्यादा लागू केली. पीक विम्याच्या हप्त्यावरच्या अनुदानाला तर मर्यादाच नाही.

हे सगळे लोकांना कळले ते माहिती खुली झाल्यामुळे. १९९६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने न्यायालयातून लाभार्थ्यांची नावे मिळवण्याचा हक्क मिळवला. २००१ मध्ये एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने काउंटीनिहाय आणि व्यक्तिनिहाय रकमांची यादी संगणकावर सर्वांसाठी खुली केली. शेजाऱ्याला किती मिळाले हे गावोगाव लोक पाहू लागले. १९९५ पासूनचा पिकांसाठीचा पैसा जोडला तर तीन चतुर्थांशाहून अधिक रक्कम वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेल्याचे त्या यादीतून दिसले.

यादी वाचताना सावध राहावे लागते. तिच्यात बराच काळ पहिले नाव आर्कान्सातल्याच स्टुटगार्टच्या राइसलँड या संस्थेचे होते. पण ती हजारो भातशेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे आणि तिच्या नावे आलेला पैसा सभासदांना वाटला गेला. उलट दिशेनेही फसगत होते. विम्याच्या अनुदानाचा व्यक्तिनिहाय तपशील कायद्याने गुप्त असल्याने अनेक मोठ्या रकमा यादीत दिसतच नाहीत.

१९९६ ते २०१४ या काळात तर भाव पडो वा न पडो, बेस एकरामागे ठरावीक रक्कम मिळत असे, वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर. २००६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने टेक्सासातल्या जुन्या भातजमिनीवर उभ्या राहिलेल्या घरांची हकीकत छापली. अंगणाच्या आकाराच्या गवतापोटी घरमालकांना भाताचे अनुदान येत होते. शेती न करणाऱ्यांना २००० पासून किमान १.३ अब्ज डॉलर मिळाले, असा त्या वृत्तपत्राचा हिशेब होता. २०१४ मध्ये ती योजना बंद झाली. बेस एकर मात्र राहिले.

खंडात मुरणारे अनुदान

एकरावर दिलेला पैसा जमिनीच्या किमतीत आणि खंडात शिरतो. कृषी खात्याच्या २०१४ च्या पाहणीनुसार अमेरिकेतली ३९ टक्के शेतजमीन भाड्याने कसली जाते आणि त्यातली सुमारे ८० टक्के जमीन स्वतः शेती न करणाऱ्या मालकांची आहे. कागदोपत्री अनुदान कसणाऱ्याच्या नावे येते. पण या जमिनीवर अमुक पैसे येतात हे मालकालाही माहीत असते आणि पुढच्या करारात खंड वाढतो. अर्थशास्त्रज्ञ बॅरेट किरवान यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अनुदानाच्या दर डॉलरमधले सुमारे २५ सेंट मालकाकडे वळतात असे दाखवले. नवा तरुण शेतीत यायचा तर त्याला वाढलेला खंड आणि वाढलेली किंमत द्यावी लागते, आणि बेस मात्र जुन्या जमिनीला चिकटलेला असतो. मोठ्या शेतकऱ्याला दर एकराची हमी असल्याने तो शेजारचे शेतही सहज घेतो. काउंटीतले एकर तेवढेच राहतात, शेतकरी कमी होतात, त्यांच्याबरोबर दुकाने आणि शाळा जातात.

विदर्भापर्यंत पोचलेली झळ

अमेरिकेचा बहुतेक कापूस परदेशी विकला जातो. त्यामुळे तिथला भावफरक तिथेच राहत नाही. २००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला सरासरी ४२ सेंटपर्यंत उतरला. २००२ मध्ये आलेल्या अमेरिकी कायद्याने आपल्या शेतकऱ्यासाठी ७२.४ सेंट ही लक्ष्यकिंमत ठरवली. भाव पडूनही तिथला पेरा टिकला, माल बाजारात येत राहिला आणि दर दबलेले राहिले. त्याच सुमारास, १९७२ पासून चाललेली महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना मोडकळीला आली होती. यवतमाळ-वर्ध्याचा कोरडवाहू शेतकरी या पडलेल्या जागतिक भावाला उघड्यावर सापडला.

ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली आणि २००५ मध्ये अंतिम निकाल जिंकला. अमेरिकेने आपल्या अनुदानांत पुरेसा बदल न करता २०१० पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. त्या वर्षीच्या कायद्यातून कापूस भावयोजनेबाहेर गेला. २०१८ मध्ये तो ‘सरकीसह कापूस’ या नावाने परत आला. तक्रार करायला ब्राझीलचे सरकार समर्थ होते. पश्चिम आफ्रिकेतल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला त्या तडजोडीतून थेट भरपाई मिळाली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात उमटलेल्या रागामागे हीच जुनी विषमता होती.

संकटाचा पैसा

नेहमीच्या योजना पुरत नाहीत तेव्हा खास मदत येते. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जकात बसवली. दोन वर्षांत सरकारने शेतकऱ्यांना सुमारे २३ अब्ज डॉलर दिले. २०१९ मध्ये तर दर काउंटीनुसार ठरला, एकरी १५ पासून १५० डॉलरपर्यंत. २०२० मध्ये करोनाची मदत धरून थेट सरकारी देयके सुमारे ४६ अब्ज डॉलरवर गेली, तोवरचा उच्चांक. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने दहा अब्ज डॉलर मंजूर केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने आणखी बारा अब्ज जाहीर केले. त्यातले अकरा अब्ज पेऱ्याच्या पिकांसाठी, भात आणि कापसाला एकरी शंभर डॉलरहून अधिक, सोयाबीनला तीस डॉलरच्या आसपास. ही मदतही एकरावरच मोजली गेली.

२०२५ च्या कायद्याने संदर्भभाव वाढवले, देशात तीन कोटींपर्यंत नवे बेस एकर जोडण्याची सोय केली आणि मर्यादा सैल केली. मोजण्याची रीत तीच ठेवली. त्यामुळे येत्या काही वर्षांत फिलिप्ससारख्या काउंटीत आधीपेक्षा जास्त पैसा येईल, आणि तो आधीपेक्षा कमी हातांत जाईल. हे बदलता येते. दर माणशी मर्यादा खरोखर पाळली जावी, तिच्यात विम्याचे अनुदानही धरावे. विम्याच्या रकमांची नावानिशी यादी इतर अनुदानांसारखीच खुली व्हावी. अविभक्त जमिनीच्या वारसांना मालकीचे कागद करून देण्यासाठी काउंटी कचेरीने स्वतः पुढे यावे, आणि खंडाने कसणाऱ्याला दीर्घ मुदतीचा लेखी करार असल्याखेरीज त्या जमिनीवर पैसे निघू नयेत. टायरॉन्झाच्या शाळेत १९३४ मध्ये जमलेल्या अठरा जणांची मागणीही कसणाऱ्याला त्याच्या जमिनीवर टिकू द्या, अशीच होती. ती आजवर पूर्ण झालेली नाही.